तोंडवळा आणि पोट

त्या घरात फोटो स्टुडिओ पिढीजात होता आणि पोटाचा कॅन्सरही. आजोबा गेले, काका गेला, मग वडील. वडिलांच्या रक्तात एका जनुकाचा बिघाड सापडला होता. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना समोर बसवून सांगितलं, “प्रत्येक मुलात हा उतरण्याची शक्यता निम्मी. उतरला असेल तर धोका फार मोठा. वेळेत कळलं तर जठर काढून जीव वाचवता येतो. दोघांनीही रक्त तपासून घ्या.”

“निम्मी, म्हणजे दोघांत एक,” आत्या म्हणाली.

“तसं नाही हो. दोघांतही असेल, कोणातच नसेल.”

“बघू,” आत्या म्हणाली. गिऱ्हाइकाला ‘फोटो उद्या मिळेल’ म्हणायची, त्याच सुरात.

स्टुडिओ आत्याच चालवायची. उभं आयुष्य तिने चेहरेच पाहिले होते. पासपोर्ट फोटोला आलेल्यांत कोण कोणाचं कोण, हे ती न विचारता सांगायची. एकदा तिने एका गृहस्थाला त्याच्या शेजाऱ्याच्या मुलाचा बाप ठरवलं होतं. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. शेजारीही आला नाही.

घरी येताच तिने दोन्ही भाचरांना पांढऱ्या पडद्यापुढे बसवलं आणि दिवे लावले.

“हनुवटी वर. थोरल्या, जबडा बापाचा, कान बापाचे. तुझ्यात आहे.”

“आत्या, मी नुसता बसलोय!”

“बसतोससुद्धा बापासारखाच. धाकटी मात्र आईची छापील प्रत. हिच्यात आमचं काही नाही, हे मी बारशालाच म्हटलं होतं.”

आईने तेव्हा तो टोमणा निमूट गिळला होता. आज तिने त्याबद्दल हात जोडले.

थोरल्याच्या रक्तात बिघाड निघाला. आत्याचा चेहरा उजळला, मग प्रसंग ओळखून तिने तो पाडला. थोरल्याचं जठर काढलं. त्यात कॅन्सरचे बारीक ठिपके होते, म्हणजे अगदी वेळेत निघालं. तो दिवसभर चिमणीसारखं टिपून खाऊ लागला आणि जगला.

धाकटीनेही तपासणीची वेळ घेतली होती. आत्याने ती रद्द करवली.

“सुया कशाला टोचून घेतेस? तुझ्या वाटणीचं दादाने उचललंय. उपकार मान त्याचे.”

धाकटीने मानले. पुढे तिला दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटू लागलं, तेव्हा आत्या म्हणाली, “दादाचं बघून मनाने घेतलंय तुझ्या.” धाकटीने मनाला दटावलं. मनाने ऐकलं, पोट ऐकेना. शेवटी घास उतरेनासा झाला, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं.

“हिची तपासणी का केली नाही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“ती आईवर गेलीये.”

“चेहरा गेलाय. जनुक चेहऱ्यावर दिसत नाही.”

आत्याने खाटेवरच्या धाकटीला नीट न्याहाळलं. गाल आत गेले होते, हाडं वर आली होती. “आता दिसतंय की,” ती म्हणाली. “अगदी बाप.”

धाकटीने थोरल्याला जवळ बोलावलं. “दादा, जठर काढल्यावर भूक लागते का रे?”

“नाही गं फारशी.”

“मग बरंय. मला आत्तापासूनच सवय आहे. कधी काढणार आहेत माझं?”

थोरला उठून बाहेर आला. रोग सगळीकडे पसरला होता, काढून उपयोग नव्हता. बाहेर आई भिंतीला टेकून उभी होती. हे धाकटीला कोणी सांगायचं, एवढंच ठरायचं होतं.

“मी सांगते,” आत्या पदर सावरत म्हणाली. “माझ्या शब्दावर विश्वास आहे तिचा.”