झेंड्याकडं बघ!

रविवारी बिरोबाच्या माळावर पाय ठेवायला जागा नसायची. करमाळ्याहून, कुर्डुवाडीहून वाकडी झालेली तोंडं जीपा भरभरून यायची आणि गुंडा भगत ती सरळ करायचा. कपाळाला भंडारा फासायचा आणि ओरडायचा, "झेंड्याकडं बघ! भुवया वर! आनि वर! देव तुजं कपाळ वाचतोय!"

मग एकाला म्हणायचा, "धरला देवानं! पाच रविवार ये." दुसऱ्याला, "कौल न्हाय. अवसंला ये." धरलेले बहुतेक लोक महिन्या-दोन महिन्यांत बरे होऊन पेढे वाटायचे. देवाला एवढी निवड कशाला लागते, असं मी एकदा विचारलं, तर गाव अंगावर आलं. पोरगी डॉक्टर झाली म्हणून देवापेक्षा शहाणी झाली काय? मी विषय सोडला. गुंडा भगत माझा सख्खा मामा. माझ्या शिक्षणासाठी त्यानं स्वतःची बकरी विकली होती.

माझी आई, तानाबाई, त्याची धाकटी बहीण. एका रविवारी भाकरी थापताना तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं. सख्खा भाऊ भगत असताना सोलापूर कशाला गाठायचं? वडिलांनी तिला थेट माळावर नेलं. मामानं तिला झेंड्याकडं बघायला लावलं. कपाळावर दोन्ही बाजूंना आठ्या पडल्या.

"कौल न्हाय," मामा म्हणाला. "घरी न्हेऊन निजवा. अवसंला आणा."

सोलापुरात मला कळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता, उपचाराची वेळ निघून गेली होती. आता आईकडं एकच शब्द उरलाय: व्हय. चहा हवा का? व्हय. दुखतंय का? व्हय. नको असलं तरी व्हय. मामा तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडला आणि मीच त्याला पाणी दिलं.

पुढं काही महिन्यांनी मी सोलापुरात, आमच्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात होते. दारातून मामाचा आवाज आला. त्यानं मला पाहिलं नव्हतं, तो नर्सला सांगत होता.

"सिस्टर, बायकोचं तोंड वाकडं झालंय, हात पडलाय, पन कपाळाला दोनी बाजूला आठ्या हायत. म्हंजे नस न्हाय, मेंदूतलं हाय. आत्ताच झालंय. सीटी करा, गुठळीचं इंजेक्शन द्या, येळ घालवू नगा!"

मी कामाला लागले. सीटीत रक्तस्राव नव्हता, इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत अजून संपली नव्हती, ते दिलं. संध्याकाळी मामीनं हात उचलला.

मग मी मामाला व्हरांड्यात गाठलं. "तुला ठावं हुतं?"

"वॉर्डबॉय हुतो की सोलापुरात. मोठा डॉक्टर शिकाऊ पोरांना दावायचा. अर्धं कपाळ सपाट पडलं तर नुसती चेहऱ्याची नस. ती बहुतेकांची आपली आपण बरी हुती. आठ्या दोनीकडं पडल्या तर मेंदू."

"मग आईला का न्हाय सांगितलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "शंबर मानसं बघत हुती गं, रुपा. भगतच दवाखान्यात जा म्हनला असता, तर पुन्यांदा कोन आलं असतं?"

माझ्यासाठी बकरी विकणारा हाच माणूस. बहीण मात्र त्यानं गर्दीसाठी विकली. त्या दिवशी माझ्यापुरता मामा मेला.

रविवारी आईला घेऊन मी माळावर गेले आणि सगळं सांगून टाकलं. गर्दी चुळबुळली. मामानं आईचे पाय धरले. "ताना, माफ केलंस न्हवं?"

"व्हय," आई म्हणाली.

"ऐकलं का!" मामानं हात उंचावले. "देव बोलला तिच्या तोंडून!"

दोघा-तिघांनी भंडारा उधळलासुद्धा. तेव्हा आईनं डावा हात उचलला आणि मामाच्या कपाळावरचा भंडारा पुसून काढला. पार स्वच्छ होईपर्यंत पुसत राहिली.

"तोंड वाकडं झालं, हात खाली आला, जीभ अडखळली," मी म्हणाले, "तर कपाळ वाचत बसू नका. नस का मेंदू, ते दवाखान्यात बघतील. पाच मिनिटांत आपोआप बरं वाटलं तरी जा. भगताकडं नको, घरी निजवणं नको, अवसंची वाट नको. मेंदू वाट बघत न्हाय. व्हय का न्हाय, आई?"

"व्हय," आई म्हणाली. त्या दिवशी तिला म्हणायचं होतं तेच तिच्या तोंडून निघालं.