लोसाच्या मुठीतली किल्ली

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एका होडीच्या टपावर मांडी घालून बसला आहात. ऑगस्टचा गार वारा कान बधिर करतोय. खाली देवमासे बघायला आलेले सहा पाहुणे, चहूकडे दक्षिण समुद्रातली आमची वावाऊची बेटं, जिथे ऑगस्टात हिवाळा असतो. तुमचं काम एकच. देवमाशाचा फवारा दिसला की ओरडायचं.

त्या शनिवारी हे काम दहा वर्षांच्या लोसाला पहिल्यांदाच मिळालं होतं. मी म्हाताराही त्याच होडीत होतो. सकाळपासून ती दोनदा ओरडली, आणि दोन्ही वेळा फवारा नव्हताच. खडकावर लाट फुटली होती.

“आता चुकलीस तर खाली यायचं आणि केळी सोलायची,” सुकाणूवरून तिचा बाप विलियामी म्हणाला. “उद्या चर्चमध्ये सगळे विचारतील, काय गं, काल किती लाटा पकडल्यास?”

दुपारी इंजिन बंद ठेवून सगळे जेवले. जेवण झाल्यावर इंजिन सुरू करायला विलियामीने किल्लीला हात घातला. तेवढ्यात लोसाने सहज मागे, खाली पाहिलं. इंजिनाच्या पंख्याच्या अगदी जवळ, निळ्या पाण्यात पांढुरकं काहीतरी हललं.

“बाबा, थांबा! खाली पिल्लू आहे!”

“तिसरी लाट आली वाटतं,” बाप हसला.

लोसा रडकुंडीला आली. “आत्या, तू सांग ना बाबांना!”

फाने आत्या चहा ओतत होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. “विलियामी, किल्ली काढ.”

आमच्याकडे बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही. त्याने किल्ली काढली.

पिल्लू हळूच वर आलं, फुस्स केलं. मग त्याची आई आली. आधी पाठ दिसली, मग आणखी पाठ, ती येतच राहिली. होडीपेक्षाही लांबलचक. तिच्या श्वासाचे मासळीच्या वासाचे तुषार सगळ्यांच्या तोंडावर पडले. एवढं मोठं जनावर, पण होडीला तिने साधा धक्काही लावला नाही. पिल्लाला पंखाखाली घेऊन ती अलगद बाजूने गेली. मी साठ वर्षं बघतोय, तरी त्या दिवशी माझेही हात आपोआप जोडले गेले.

“ताई, तुला दिसलं होतं?” विलियामीने विचारलं.

“छे! पण लाट बघून पोरगी अशी रडत नाही.”

विलियामी वर पाहून म्हणाला, “चुकलं बाई माझं. ओरड आता हवं तेवढं!”

लोसा ओरडली नाही. टपावर पालथी पडून तिने खाली हात पसरला आणि म्हणाली, “किल्ली द्या.” आणि मायलेकरं पार दिसेनाशी होईपर्यंत ती किल्ली मुठीत घट्ट धरून बसली.