तिसऱ्या ओळीतली हवा

धाकटीच्या संगणकात चादरी उभ्या होत्या त्या शाळेच्या रांगेतल्या मुलींसारख्या. ताठ, गप्प, एकीचा धक्का दुसरीला नाही. त्यांच्यामधून गरम हवा लाल-पिवळी होऊन वर चढायची, छताला टेकायची आणि निळी होत खाली उतरायची. बघता बघता डोळा लागावा असं चित्र. पीएचडीची तीन वर्षं तिनं त्यातच घातली होती: इस्पितळाच्या लाँड्रीतली वाळवणखोली, पाच ओळी चादरी, आणि कोणती ओळ कधी वाळेल त्याचं गणित.

लाँड्री चालवायची तिची आई. या धाकट्या लेकीसाठी दर अर्ध्या तासाला ओल्या चादरी काट्यावर घालून वजनं सांगितली तीही आईनंच. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. गणित म्हणे, दाराजवळची पाचवी ओळ शेवटी वाळते. काटा म्हणे, मधली तिसरी.

"कारण शोध, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढ," मार्गदर्शक बाईंनी सोमवारची मुदत दिली. प्रकरण गेलं की उरतं काय? पुठ्ठा आणि आभार.

शेजारच्या टेबलावरचा सीनियर कुजबुजला, "अगं, हवेच्या खळबळीचा तो एक आकडा जरा वर सरकव. बसतं चित्र."

तिनं सरकवला. बसलं की! तिसरी ओळ निमूट मागे पडली. पण आता ते चित्र पाहुण्यांसमोर ओठ ताणून हसणाऱ्या माणसासारखं दिसायला लागलं. तिच्यानं बघवेना. भर दुपारी उठून तिनं लाँड्री गाठली.

"आलीस? चादरींच्या आधी तूच वाळलीस की," आई म्हणाली.

"आई, तिसरी ओळ ओली का राहते गं?"

"त्याला कॉलेज कशाला? गरम हवेची मोठी जाळी थेट तिच्याखाली. तरी ओली, म्हणजे पिळण्यात खोट. ही मावशी यंत्र लवकर थांबवते. बारा वर्षं सांगतेय."

"मग बाकीच्या ओळी कोण पिळतं?"

"उलट बोलायला शिकवतात वाटतं तिकडे!"

पिळणीच्या यंत्रावरच्या मावशीनं पुढचा गठ्ठा यंत्रात भरला. बारा वर्षांची सवय.

हवा कुठं हलते ते दिसावं म्हणून धाकटीनं लोकरीच्या धाग्यांचे तुकडे चादरींना टाचले आणि ती जमिनीवर बसली. चहूकडे पांढऱ्या, उबदार गल्ल्या. साबणाचा वास, पाण्याखाली असावा तसा मंद उजेड. हळूहळू धागे जागे झाले. वर उचलले गेले, माशांसारखे शेपट्या हलवायला लागले. इतकी वर्षं रंगांत पाहिलेली हवा आज तिच्या कानाशी श्वास घेत होती. तिला वाटलं, आपणच चादर आहोत, आपलंच पाणी उडून चाललंय.

तिसऱ्या ओळीतले धागे मात्र गाढ झोपलेले.

तिनं पाहिलं. जाळीवरून हवा सगळ्यांत जोरात सुटत होती, आणि त्या जोरानंच दोन्हीकडच्या चादरी पोट काढून आत ओढल्या जात होत्या, तिसरीला बिलगत होत्या. वाऱ्यानं आपलीच वाट बुजवली होती. संगणकातल्या चादरींना पोट कुठलं? त्या तर तिनं फळ्यांसारख्या ताठ धरलेल्या.

"आई, बघ."

आई वाकली. बिलगलेली चादर हातानं बाजूला धरली, तसा तिसरीतला धागा हलला. नाकावर माशी न बसू देणारी बाई, पण तिनं चादर सोडून पुन्हा एकदा धरून बघितली.

सोमवारी धाकटीनं बाईंना सगळं सांगितलं. "मी कापडाला लाकूड समजले. मग आकडा सरकवून चित्र बसवलं. तो आकडा परत जागेवर ठेवलाय. नवं गणित कालपासून चाललंय, अठरा दिवस लागतील."

बाईंनी चष्मा काढला. "याच क्रमानं लिही. चूकसुद्धा. प्रकरण राहील."

ती लाँड्रीत सांगायला आली, तर तिसरी ओळ दोन हात मोकळी टांगलेली, आणि आई स्वतः चहाचा कप घेऊन पिळणीच्या यंत्रापाशी उभी.

"घे. निवेल," आई मावशीला म्हणाली. मग भिंतीकडे बघत, "तुझं पिळणं तसं बरं असतं."

मावशीनं कप घेतला. "बारा वर्षांत वाळला म्हणायचा तुमचा राग, ताई."