अडचणीची खुर्ची

मास्तरांनी स्टुलावर चढून बेलचं झाकण उघडलं, आतल्या तारा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं हलवून पाहिल्या, फुंकर मारून धूळ उडवली आणि झाकण परत बसवलं. खाली त्यांची बायको दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती.

"बंद पडलीय असं कोण म्हणालं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"कुणी कशाला म्हणायला हवं? वाजत नाही म्हणजे बिघडली असणार. थांब, बाहेरून दाबून बघतो."

ते बाहेर गेले, दार लोटून घेतलं आणि बटण दाबलं. बेल अशी खणखणीत वाजली की जिन्यावर झोपलेलं मांजर उडी मारून पळालं. दाराच्या फटीतून त्यांना आतलं दिसत होतं. बटण दाबणारा आपलाच नवरा आहे हे पक्कं ठाऊक असूनही बाईंचा हात केसांवरून फिरला, चष्मा नीट झाला आणि नजर कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीकडे गेली, तिच्यावर काही पडलेलं तर नाही ना, म्हणून. मग त्या भानावर आल्या आणि स्टूल उचलून आत निघून गेल्या.

मास्तर बाहेरच घुटमळले. बेल खरंच बिघडलेली निघाली असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

मास्तर पेशानं शिंपी. साऱ्या वस्तीचे कपडे त्यांनी शिवले, म्हणून सारी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची. त्यांची बायको मात्र कोपऱ्यावरच्या शाळेची मुख्याध्यापिका, उभी हयात तिनं तिथंच काढलेली. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत. "शिकवणारी ही आणि मास्तर मी!" हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की आता घरातल्या भिंतीसुद्धा त्याला हसत नसत.

शाळा सुटली की बाईंची दुसरी शाळा भरायची, ती घरी. कुणाच्या सासूला दवाखान्यात खाट मिळत नाही, कुणाचा पोरगा रुसून घर सोडून गेलाय, दोघा शेजाऱ्यांचं नळावरून वाजलंय. आलेल्या माणसाला बाई त्या वेताच्या खुर्चीत बसवत आणि आधी पाण्याचा ग्लास हातात देत. पाणी संपेपर्यंत काही विचारायचं नाही, हा त्यांचा नियम होता. माणूस पाणी पिता पिता रडू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ग्लास रिकामा झाला की समोर स्टूल ओढून बसत आणि एवढंच विचारत, "आता सांग, तुला हवंय काय?" काय नकोय ते सगळेच घडाघडा सांगतात, हवंय काय ते विचारलं की माणूस पहिल्यांदा विचार करतो, हेही त्यांचंच.

मास्तरांनी त्या खुर्चीचं नाव ठेवलं होतं अडचणीची खुर्ची. तिच्यावर कुणी ना कुणी असायचंच, आणि आतल्या खोलीत मास्तर निवत चाललेल्या ताटासमोर बसून ऐकत असायचे. चिडायचेही. पण चिडून करायचे काय, तर बायकोच्या करड्या कोटाला आतून आणखी एक खिसा शिवून द्यायचे. कारण त्या कोटात जगाचा संसार असायचा: कुणाच्या गोळ्या, कुणाच्या घराची किल्ली, शाळेतल्या पोरांची तुटलेली बटणं. बटणं तेवढी मास्तरांच्या वाट्याला येत.

आणि मग महिन्यापूर्वी बाई निवृत्त झाल्या. शाळेच्या पटांगणात निरोपसमारंभ झाला, माणूस मावत नव्हता. भाषणांवर भाषणं झाली आणि शेवटी कुणीतरी मास्तरांनाच पुढे ढकललं. मास्तर जन्मात माइकसमोर उभे राहिले नव्हते. घाम पुसत ते म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही माझी बायको उसनी नेलीत. आता परत करा. व्याज माफ केलंय." पटांगण हसून हसून लोटपोट झालं, टाळ्या थांबेनात. बाईही हसल्या, फक्त त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मास्तर खाली उतरले ते गड जिंकून आल्यासारखे.

त्या दिवसापासून बेल गप्प.

पहिले काही दिवस मास्तर खुशीत होते. सुंठीवाचून खोकला गेला, असंच त्यांना झालं. गरम जेवण, समोर बायको, मध्ये कुणी नाही. दुपारी दोघं पत्ते खेळली, संध्याकाळी नदीच्या बाजूला चालून आली. बायको त्यांना काय हवं नको ते विचारी, त्यांच्या सुईत दोरा ओवून देई, सांगितलेली प्रत्येक गोष्ट मन लावून ऐके. इतकी मन लावून, की मास्तरांकडच्या सांगायच्या गोष्टीच संपून गेल्या.

मग हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागलं. पुसलेलं फडताळ ती पुन्हा पुसते. तिन्हीसांजेलाच जांभया देते. रस्त्यावर कुणी मोठ्यानं बोललं की हातातलं काम थांबतं. आणि काल फिरायला जाताना तिनं कोट चढवला तेव्हा मास्तरांची नजर शिवणीवर गेली. कोट खांद्यावरून उतरला होता. त्यांच्या हातचा कोट, तो कधी असा लोंबला नव्हता. कापड तर वाढत नाही. खांदेच पडले होते तिचे. खिसेही सगळे सपाट.

'आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतलास,' मास्तरांनी स्वतःला बजावलं. चारचौघांत विनोद करायला गेलो आणि वस्तीनं तो खरा धरला. आता ही बाई अशी दिवसेंदिवस विझत जाणार आणि आपण समोर बसून पत्ते पिसत राहणार.

बेल तपासली त्याच संध्याकाळी ते दोरा आणायला म्हणून बाहेर पडले आणि सरळ सायकलवाल्याच्या दुकानात गेले. सायकलवाला बाईंचा जुना विद्यार्थी, आणि अडचणीच्या खुर्चीचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. टायरची ट्यूब पाण्यात बुडवून तो बुडबुडे शोधत बसला होता.

"काय म्हणतोस? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, मास्तर."

"भाऊ बोलतो का तुझ्याशी?"

"छे! सामायिक भिंतीवरून परत वाजलंय आमचं. आई मधल्यामध्ये रडतेय."

"मग ये की बाईंकडे!" मास्तर जरा जास्तच आनंदानं म्हणाले आणि लगेच ओशाळले. "म्हणजे वाईटच झालं. पण येत का नाहीस तू? मी आपलं त्या दिवशी गमतीत बोललो रे. तुम्ही लोकांनी ते एवढं मनावर घ्यायचं?"

सायकलवाल्यानं ट्यूब पाण्याबाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि नुसतीच हातात धरून ठेवली.

"राग मानू नका, मास्तर. पण तुमच्या बोलण्यावर कोण थांबणार होतं? दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दारात हजर. तुम्ही आंघोळीला गेला होता. बेल वाजवायच्या आधीच बाईंनी दार उघडलं, पण आत नाही घेतलं."

"आत नाही घेतलं?"

"उंबऱ्यावरच उभं केलं. माझ्याआधी दोघंजण तसेच परत गेले होते म्हणे. आवाज खाली आणून म्हणाल्या, 'या माणसानं माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली रे. तीसुद्धा चारचौघांत मागावी लागली त्याला. घरात मागायला मी कधी मोकळीच नव्हते. आता ती मला देऊ दे. तुम्ही कुणी बेल वाजवू नका. नवीन मुख्याध्यापकांकडे जा, ते चांगले आहेत.' मी गेलोही त्यांच्याकडे. चांगले आहेत, पण काय करू, ते लगेच उपाय सांगतात. पाणी देत नाहीत."

 मास्तरांनी दुकानातली एक घंटी उचलली, उलटसुलट केली, जागेवर ठेवली. म्हणजे त्या सकाळी आपण आत अंगावर पाणी घेत असताना ही दारात माणसं परतवत होती. अभिमानानं त्यांचा ऊर भरून आला आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

"बेल चालू आहे आमची," ते शेवटी म्हणाले. "आज तपासलीय. केव्हाही ये. इतरांनाही सांग."

दोरा न घेताच ते घरी आले. किल्ली खिशात होती, तरी त्यांनी बेल वाजवली.

बाईंनी दार उघडलं. हात केसांवर होताच.

"अहो, तुम्ही? किल्ली विसरलात का?"

मास्तर उत्तर न देता आत आले, टोपी काढून हातात घेतली आणि कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत ते तिच्यावर पहिल्यांदाच बसत होते. खुर्ची कुरकुरली.

"तिथं काय बसताय? जेवण तयार आहे. ताटं घेते."

मास्तर हलले नाहीत. टोपीची कड बोटांनी चाचपत खाली बघत राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. असं खाली बघत बसलेलं माणूस त्यांना नवं नव्हतं. त्या आत गेल्या आणि पाण्याचा ग्लास घेऊन आल्या.

मास्तर सावकाश प्यायले. संपलं की बोलावं लागणार, म्हणून अजूनच सावकाश. शेवटचा घोट घेऊन त्यांनी ग्लास खाली ठेवला. बाईंनी स्टूल ओढलं आणि समोर बसल्या.

"सांगा. हवंय काय तुम्हाला?"

"अडचण बायकोची आहे, बाई," मास्तर म्हणाले. "निवृत्त झालीय. दिवसभर माझीच सेवा करत असते."

"मग चांगलंय की."

"कसलं चांगलं! तिचा कोट उतरलाय खांद्यावरून. माझ्यानं बघवत नाही गं."  त्यांनी खाकरून घसा साफ केला. "सायकलवाल्यानं सांगितलं मला सगळं. त्याला रागावू नकोस."

 मांडीवरचे हात बाईंनी एकात एक घट्ट धरले.

"मी विचारलं, हवंय काय," त्या हळूच म्हणाल्या. "उत्तर नाही दिलंत."

मास्तरांनी विचार केला. खरोखरच करावा लागला.

"रोजचं रात्रीचं जेवण," ते म्हणाले. "तेवढं माझं. ते चालू असताना बेल वाजली तरी उठायचं नाही. बाकीचा दिवस ज्याचा त्याला देऊन टाक."

"एवढंच?"

"एवढंच."

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"खुर्ची कधी रिकामी असायची का?"

बाई हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढला, आणि या वेळी पुसायचं सोंगसुद्धा केलं नाही. डोळे पदरानं टिपले, उठल्या, आणि जाताना नवऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला, शाळेतल्या धडपडून पडलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

ताटं वाढून झाली. वाफ निघत होती. दोघं समोरासमोर बसली. बाईंनी ताट त्यांच्याकडे सरकवलं, मास्तरांनी पहिला घास उचलला, आणि बेल वाजली.

बाईंचा हात केसांकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. त्या बसून राहिल्या. पाठ ताठ, नजर ताटात.

"वाजू दे," त्या म्हणाल्या. "शब्द दिलाय मी."

बेल पुन्हा वाजली, पण दबकत, बटणावरचं बोट लगेच उचलल्यासारखी. बाईंनी घास तोंडात घातला आणि चावू लागल्या. दारापलीकडे कुणीतरी चपला काढाव्यात की नाहीत अशा विचारात पाय घासत होतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

मास्तरांनी उचललेला घास ताटात परत ठेवला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. खांदे आता जागेवर आले होते, पण त्या उठत नव्हत्या.

"उद्यापासून," मास्तर म्हणाले, आणि पाण्याचा ग्लास भरायला उठले.