घासून काढलेला दगड

बायकोशी बोलायला माणसाला तोंड नाही आणि एका दगडाची विचारपूस मात्र दिवसातून चारदा, याला काय म्हणावं? मोठीबाईंनी नवऱ्याचं आजवर पुष्कळ सोसलं होतं, पण हा दगड म्हणजे कळस झाला. न्हाणीघरातली निम्मी जागा एका टबाने अडवलेली. टबात खारं पाणी, पाणी कोमट ठेवणारी काचेची नळी, पाणी ढवळणारा पंप, आणि एवढ्या थाटात आत बसलेलं काय, तर एक ओबडधोबड धोंडा! आणला तेव्हा असा वास मारत होता की शेजारीण दारातूनच विचारून गेली, "उंदीर मेलाय का हो कुठे?"

"उंदीर कसला, यांचा पाहुणा आलाय," मोठीबाई म्हणाल्या होत्या.

पाहुण्याचं खरं घर म्हणजे बाहेरच्या खोलीतली काचेची मोठी टाकी. ती पेंटरची. नवऱ्याला सगळी गल्ली पेंटरच म्हणायची; दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माणूस. मग एक दिवस "आता लोकांना छापील बोर्डच हवेत" असं म्हणून त्यांनी ब्रश धुऊन ठेवले, ते ठेवलेच. मोठीबाईंनी तेव्हा छापणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. तेव्हापासून पेंटरचा सगळा जीव या टाकीत: समुद्रासारखं खारं पाणी, फुलासारखे उमलणारे प्रवाळ, थोडे रंगीत मासे, आणि मधोमध दगडांची रास.

त्या राशीतल्या एका दगडावर तपकिरी, काचेसारखी फुलं उगवली होती. दिसायला नाजूक, पण शेजारच्या प्रवाळाला डसून डसून मारणारी. एक खुडलं की दहा उगवायची. तेव्हा तो दगडच काढायचा आणि त्या जागी टबातला नवा लावायचा, असं ठरलं होतं.

"कधी लावताय?" मोठीबाई विचारायच्या.

"उद्या. अजून वास येतोय. तो गेल्याशिवाय टाकीत घालता येत नाही."

हा 'उद्या' काही उजाडेना. इकडे प्रवाळ मिटत चाललेला. पेंटर टाकीसमोर हात मांडीखाली दाबून बसून राहायचे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. चहासुद्धा अर्धाच कप मागायचे, जसा काही मोठीबाईंच्या चहात विष होतं.

शेवटी एका सकाळी पेंटर टाकीसाठी मीठ आणायला बाहेर पडले आणि मोठीबाईंनी बाह्या सरसावल्या. वासच नडतोय ना? मग घालवू या! दगड बाहेर काढला, सवयीने नाकाशी नेला, आणि गरम पाण्याच्या नळाखाली धरून तारेच्या घासणीने असा घासला, असा घासला की त्याच्या अंगावरचं जांभळं, गुलाबी, हिरवट सगळं गटारात गेलं. भोकाभोकांतून जुना दात घासायचा ब्रश फिरवला. दगड दातासारखा पांढरा निघाला. टॉवेलवर मांडून त्या नवऱ्याची वाट बघत बसल्या. आज तरी शाबासकी मिळेल!

पेंटर आले. दगडाकडे बघत उभे राहिले. मग हळूच स्टुलावर टेकले.

"अगं, जीव होता त्याच्यात."

"दगडात?"

"डोळ्यांना न दिसणारा. माशांची घाण तोच खातो, पाणी तोच राखतो. म्हणून तर याला इतकं जपलं."

मोठीबाईंचा चेहरा उतरला. पण तोंड कसं उतरणार? "मग बोलायला काय झालं होतं? मला स्वप्न पडतं का?"

"चुकलं माझं. सांगायला हवं होतं."

एवढंच. ना आदळआपट, ना कपाळाला हात. उलट पेंटरच्या खांद्यांवरचं ओझं कोणी उतरवून घेतल्यासारखं झालं होतं. "आता पुन्हा टबात ठेवावा लागेल," ते म्हणाले. "आतलं मेलेलं सडून निघून जाऊ दे. टाकीतला चांगला तुकडा शेजारी ठेवला की त्याच्यातून याच्यात जीव येतो. बरेच दिवस जातील." आणि वर बारीकसं हसलेसुद्धा.

त्या हसण्यावर मोठीबाई अडल्या. चाळीस पाट्यांत एक काना चुकला तरी जेवण न जाणारा हा माणूस. आणि आज हसतोय?

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी याला घासायच्या आधी नाकाशी धरला होता. वास नव्हताच! नुसता खारा, ओला वास. हा कधीचाच तयार होता. काल मला काय म्हणालात?"

पेंटरनी उजवा हात मांडीखाली सरकवला.

"पेंटर, माझ्याकडे बघा."

त्यांनी बघितलं नाही. मांडीखालचा उजवा हात तेवढा बाहेर काढला आणि पुढे धरला. हात वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. "हा असा टाकीत घातला तर सगळी रास कोसळेल. मासे दबतील, काच फुटेल. म्हणून उद्या, उद्या."

मोठीबाईंना अर्धा कप आठवला. मग धुऊन ठेवलेले ब्रश आठवले, आणि छापणाऱ्यांना फुकट घातलेल्या शिव्या. त्या उठल्या. दगड उचलून टबात ठेवून आल्या.

पुढे रोज दोघं मिळून त्या टबावर वाकून वास घेऊ लागले. आधी पुन्हा उंदीर मेला, मग हळूहळू उंदीर गेला, मग नुसता समुद्र राहिला. पेंटर नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंगावरून घाण तपासायचे, मोठीबाई नाकाने. दोन्ही निकाल जुळले त्या दिवशी मोठीबाईंनी अंगठी काढून ठेवली आणि दंडापर्यंत हात धुतला, साबणाशिवाय.

"आधी पंपाची बटणं बंद," पेंटर मागून म्हणाले. "आता वरचा दगड धरून ठेव. खालचा सावकाश ओढ. वाळू ढवळू नकोस."

"एकच काढायचा ना?"

"एकच. बाकीचे तोवर घर सांभाळतात."

रोगट दगड बाहेर आला. बादलीवर धरला तर त्याच्या भोकातून एक बोटभर मासा डोकं काढून बघू लागला.

"अगं बाई! भाडेकरू आत राहिलाय!"

"धरून ठेव, आपसूक उतरेल."

हात भरून आला तरी मोठीबाईंनी दगड हलू दिला नाही. मासा टुपकन बादलीत पडला, तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला.

नवा दगड जागेवर बसेना, डुगडुगत होता.

"डावीकडे फिरव. अजून. फार झालं. एक केसभर मागे." पेंटरचा आवाज पाटीवर अक्षर बसवताना असायचा तसा झाला होता. "बस्स! सोड."

मोठीबाईंनी सोडला. हलला नाही. माशाला परत सोडलं. त्याने नव्या दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सापडलेल्या पहिल्याच भोकात शिरला.

मोठीबाईंनी टॉवेल घेतला. स्वतःचा हात कोपरापासून ठिबकत होता, तो तसाच ठेवून त्यांनी पेंटरचा हात टॉवेलात गुंडाळला आणि पुसत राहिल्या, जरी तो कोरडाच होता.

"ऐका," त्या म्हणाल्या. "आजवर तुम्हाला दगड म्हणत आले, ते शब्द परत घेते. दगड तुमच्यापेक्षा बरा. त्याच्या आत काही मरायला लागलं की वास मारून घरभर सांगतो तरी! आणि चहा यापुढे भरून घ्यायचा. सांडला तर पुसायला मी मेले नाही अजून."