नाईटीवरचं ओळखपत्र

येलहंकाच्या त्या घराची घंटा वाजवण्याआधी देवश्रीनं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. ती दत्तक संस्थेत सोशल वर्कर होती. मागच्या गृहभेटीहून लोणच्याची बरणी आणि एक मानलेली मावशी घेऊन परतली, तेव्हा तिच्या वरिष्ठ अलका मॅडम कडाडल्या होत्या, "तपासायला जातेस की माहेरपणाला? पुन्हा असं झालं तर भेटी बंद, ऑफिसात फायली लाव. पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही!"

मूल मागणारे किरणकुमार आणि रूपश्री सोफ्यावर तोंडी परीक्षेला बसल्यासारखे बसले होते.

"भांडता कधी?"

"छे!" दोघं एका सुरात.

"आधी कॉफी घे की गं, स्वल्पच आहे," किरणकुमारच्या आई शारदाबाई पेला घेऊन आल्या.

"नको आजी, नियम आहे."

"समाजसेवा करतीस, मग उपाशी कशाला?"

"सेवा नाही हो, नोकरी आहे. दोन वर्षं शिकलेय त्यासाठी."

"दोन वर्षं काय, कॉफीला नको म्हणायला शिकवलं?"

पेला इकडून तिकडे, तिकडून इकडे सरकला. तिसऱ्या खेपेला सगळी कॉफी देवश्रीच्या कुर्त्यावर!

दहा मिनिटांनी देवश्री शारदाबाईंच्या जांभळ्या फुलांच्या नाईटीत बाहेर आली. आत आणखी एक देवश्री सहज मावली असती. ओळखपत्र मात्र गळ्यात होतं.

"हं. प्रश्न सातवा," ती शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाली.

रूपश्रीला हसू फुटलं, आवरेना. मग डोळे पुसत ती म्हणाली, "खरं सांगू? आम्ही रोज भांडतो. आणि येणाऱ्या बाळाला मी आवडलेच नाही तर, या भीतीनं मला झोप येत नाही."

किरणकुमारनं चमकून बायकोकडं पाहिलं. देवश्रीचं पेन तासाभरात पहिल्यांदा धावायला लागलं. तेवढ्यात फोन वाजला. अलका मॅडम, तेही व्हिडिओवर.

"देवश्री! घरी झोपलीस?"

"नाही मॅडम, भेट चालू आहे."

"कुणाच्या नाईटीत?"

शारदाबाईंनी फोनच ओढून घेतला. "माझ्या, अक्का! फार शिस्तीची पोरगी ओ तुमची. तासभर झाला, कॉफीचा थेंब प्याली नाही. अंगावर सांडली तेवढीच."

मग मॅडम म्हणाल्या, "कुर्ता वाळला की निघ. आणि गुरुवारी मारतहळ्ळीची गृहभेट तूच कर. जादा कपडे घेऊन जा."