एकाच पाटीवर तीनदा नाव

मी एक जुना व्हीसीडी प्लेअर आहे. जुना म्हणा, चालेल. निकामी म्हणालात तर मात्र, मित्रांनो, आपलं जमायचं नाही.

माझी जोडणी दिल्लीकडे कुठेतरी झाली. २००१ साली गोंदियाच्या बाजारातून मी ओमेश्वरीच्या आंदणात आलो आणि आमगावजवळच्या एका गावात, पटल्यांच्या घरी, टीव्हीखालच्या फळीवर बसलो. तेव्हा गावात मी एकटाच होतो. क्रोशाचा रुमाल होता माझ्या डोक्यावर! लोक चपला बाहेर काढून मला बघायला यायचे.

हे घर नाटकवेडं. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. ओमेश्वरीचे सासरे चुन्नीलाल गावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष, आणि दरवर्षीचे राजेही तेच. नवरा तिलक पेटी वाजवायचा. बायकांच्या भूमिकांसाठी नाटक कंपन्यांच्या वडशाहून नट्या यायच्या. त्या नाटकाच्या दिवशीच उतरायच्या, तालीम नाही की काही नाही, सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. आणि विंगेत पुस्तक मांडीवर घेऊन बसणारी प्रॉम्प्टर म्हणजे आमची ओमेश्वरी. गावच्या सुनेने स्टेजवर जायचं नाही, पण विंगेत बसली तर कुणाचं काही जात नाही, असा तिथला न्याय होता. मला तो तेव्हाही पटला नव्हता.

२००८ साली तिलकने आठवडी बाजारातून आमच्याच झाडीपट्टी भागातल्या एका नाटकाचा व्हीसीडी संच आणला. कव्हरवर राजा, राणी, तलवार. आत मात्र दोन भलत्याच डिस्क निघाल्या, दोन्ही परदेशी सिनेमांच्या. तिलक बदलून घ्यायला गेला तर विकणाऱ्याने दुकानच हलवलेलं. डिस्क घरात पडून राहिल्या. एका दुपारी ओमेश्वरीने सहज पहिली माझ्यात घातली.

तिच्यात पाव भाजणारी एक म्हातारी होती. भट्टी बंद होणार असल्याचं पत्र ती वाचते, खिशात ठेवते आणि पुन्हा कणीक मळायला लागते. मळता मळता गुणगुणते, आवाज मध्येच फुटतो, पण हात थांबत नाहीत. आमच्या नाटकांत रडायचं म्हणजे पदर डोळ्यांना लावायचा आणि माइकजवळ जायचं. हिने त्यातलं काहीच केलं नाही, आणि ओमेश्वरीचे डोळे मात्र वाहत होते.

"हे बाई रडून नाई राहिली," ती तिलकला म्हणाली, "आपल्याले रडवून राहिली."

दुसऱ्या डिस्कमध्ये एक तरणीताठी बसकंडक्टर होती, खो-खो हसणारी, भांडणारी, छतावर चढून गाणारी. दोन्हीतली बाई एकच, हे मी आवाजावरून पहिल्याच फेरीत ओळखलं. घरातल्यांना महिना लागला. मग ओमेश्वरीने शेवटी येणारी इंग्रजी अक्षरं बोट ठेवून वाचली. मार्ता वेलिन. युरोपातली कुठलीशी नटी. शेवटच्या पाटीवर तीन ओळी होत्या, प्रमुख भूमिका, गायन, दिग्दर्शन, आणि तिन्ही ओळींपुढे तेच नाव.

त्यानंतर त्या डिस्क माझ्यात किती वेळा फिरल्या, विचारू नका. भाषा आम्हा दोघांनाही येत नव्हती. पण ती बाई कधी गप्प राहते, कुणाला पुढे उभं करते, गाणं कुठे सुरू करते, हे ओमेश्वरी थांबवून थांबवून पाहायची. मी दमलो, तापलो, पण कधी कुरकुरलो नाही. खरं सांगतो, मलाही त्या बाईचं वेड लागलं होतं.

२०१० च्या दसऱ्याला मंडळाची बैठक आमच्याच ओसरीत बसली. चहा झाला आणि ओमेश्वरीने एक वही पुढे ठेवली. नाटक तिने स्वतः लिहिलं होतं. "यंदा हे करू. मीच बसवतो. आईची भूमिका बी मीच करतो, अन गानी बी मीच म्हनतो." (आमच्याकडे बायकाही 'करतो'च म्हणतात.)

चुन्नीलालांनी कप खाली ठेवला. "एकच मानूस नट बी, गाणारा बी, दिग्दर्शक बी? अन थे बी बाई? असं कुठी होते का?"

"होते, मामाजी. दाखवतो."

आणि सगळे माझ्यासमोर येऊन बसले. मित्रांनो, तोवर माझं भिंग धुळीने मंदावलं होतं, अधूनमधून मी अडकायचो. त्या दुपारी मी जीव मुठीत धरून चाललो. पावाच्या कणकेपाशी आधी हसणारे पुढे सरकून बसले. सिनेमा संपला, माणसं गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. शेवटची पाटी दोन क्षणच टिकते, ती सरकली की ओमेश्वरीचा पुरावा गेला.

मी अडकलो.

लोक म्हणतात, बिघडला. मी बिघडलो नव्हतो, मी हट्टाला पेटलो होतो. चुन्नीलालांनी माझ्या डोक्यावर दोन थापा मारल्या, मी हललो नाही. पडद्यावर तीन ओळी तशाच उभ्या. चुन्नीलालांना इंग्रजी येत नसे, पण तिन्ही ओळींतली अक्षरं सारखी आहेत हे दिसायला इंग्रजी लागत नाही. त्यांनी ती बोटाने पडताळली.

"थे परदेशातली हाये," ते शेवटी म्हणाले. "आपल्या गावात सून स्टेजवर गेली तं लोक का म्हनतीन?"

ओमेश्वरीने पदर नीट केला आणि उभ्यानेच म्हणाली, "माहा आवाज तं नऊ वर्सापासून स्टेजवरच हाये, मामाजी. साऱ्या गावानं आयकला. तोंडच तेवढं दिसलं नाई."

नऊ वर्षं त्याच आवाजाने चुन्नीलालांना राजाची वाक्यं पुरवली होती, आणि ते हे विसरले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग पुस्तक धरन कोन?"

ते स्वतःच धरणार होते, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

मंडई चार दिवसांवर आली तेव्हा छापखान्यातून आठशे पाम्प्लेटं आली. छापणाऱ्याला वाटलं, एकच नाव तीनदा म्हणजे लिहिणाऱ्याची चूक. त्याने भूमिकेपुढे ओमेश्वरीचं नाव ठेवलं आणि गायन, दिग्दर्शन श्री. तिलक पटले यांच्या नावावर करून टाकलं. नव्याने छापायला वेळ नव्हता. ओमेश्वरी रडेल असं मला वाटलं. तिने निळा पेन आणला. तिलकनेही दुसरा पेन घेतला.

"मी फक्त पेटी वाजवतो," तो म्हणाला, आणि स्वतःचं नाव खोडायला बसला. आठशे कागद, सोळाशे ओळी. दोघांची बोटं निळी झाली.

नाटक मी पाहिलं नाही, फळीवरून ऐकलं. भोंग्यातून तिचं गाणं घरापर्यंत आलं, मध्येच तिचा आवाज फुटला आणि तशीच ती पुढे गात राहिली. एकदा ती थबकली तेव्हा विंगेतून एक जाड आवाज वाक्य सांगताना ऐकू आला. तो राजाचा होता.

आता मोबाइलवर सगळं दिसतं. परवा ओमेश्वरीची मुलगी रिंकी म्हणाली, "मम्मी, हा डब्बा भंगारवाल्याले देऊन टाक ना." ओमेश्वरीने मला उचललं, धूळ पुसली आणि उलटं करून माझ्या पोटाला चिकटवलेला, त्या आठशेंतला एक कागद तिला दाखवला. छापील नावं खोडलेली, वर निळ्या शाईतलं आईचं नाव. रिंकीने तो दोनदा वाचला आणि मला परत फळीवर ठेवलं.

तेव्हा मित्रांनो, मला दया नको. जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा पुसून, उलटी करून पाहा, एवढंच मागतो. आणि ज्याने काम केलं त्याचं नाव कागदावर आहे का, तेही पाहा. नसेल, तर पेन घ्या.